मातीत गेलेली पाचवी

व्हर्लिन स्ट्रोबेलचा दिवस पहाटे चारला दहा कमी असताना सुरू व्हायचा. साडेपाचला फाउंड्रीची, ओतकामाच्या कारखान्याची, पाळी. त्याआधी तो तळघरात उभा राहायचा, रिकामं पिस्तूल एका हाताने भिंतीवरच्या ठिपक्यावर रोखायचा आणि ट्रिगर दाबायचा. साठ वेळा. एकोणसाठावर तो कधी थांबला नाही. त्याची बायको मेव्हिस म्हणायची, आमच्या घरातलं घड्याळ टिकटिक करत नाही, खटखट करतं.

फाउंड्रीत व्हर्लिन आणि मी शेजारशेजारच्या चाकांवर ओतीव तुकडे घासायचो. चौदा वर्षं.

कोरियाच्या लढाईत त्याच्या उजव्या हाताची तर्जनी थंडीने गोठली होती. लष्कराच्या डॉक्टरांनी बोट वाचवलं, पण त्यात जाण उरली नाही. चाकावर कातडी सोलली तर रक्त दिसल्यावर त्याला कळायचं. नेमबाजीत हाच त्याचा फायदा होता. गोळी सुटणार हे आधी कळलं की हात दचकतो. ते कळू नये म्हणून आम्ही बाकीच्या नेमबाजांनी वर्षं घालवली. त्याला ते मुळात कळतच नव्हतं. आमच्या क्लबातली पोरं म्हणायची, आमचंही एकेक बोट बर्फात पुरा रे.

त्याला लष्करी पिस्तुलाचा मानाचा बिल्ला हवा होता. त्या बिल्ल्यासाठी वेगळे तीस गुण लागतात आणि ते मोठ्या सामन्यात अगदी वर आलेल्यांनाच मिळतात. नऊ वर्षांत त्याचे चोवीस झाले होते. सहा राहिले होते.

एकोणीसशे चौसष्टच्या जुलैत एरी सरोवराकाठी सामना होता. पाऊस, वारा, जुलै असूनही बोटं आखडणारी थंडी. शेवटची फेरी दहा सेकंदांत पाच गोळ्यांची. निशाण आधी कडेने उभं असतं, मग एकदम समोर वळतं. नेमबाजच एकमेकांचे गुण मांडतात. त्याचे मी मांडत होतो.

सगळ्यांचे हात रोखलेले असताना, निशाण वळण्याआधीच एक गोळी सुटली. चाळीस जणांची रांग. अधिकाऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, गोळी कोणाची ते त्याला कळलं नाही. मी व्हर्लिनच्या मागे हातभर अंतरावर होतो; गोळी त्याची होती. थंडीने आखडलेलं बोट ट्रिगरवर टेकलंय हे त्याला जाणवलंच नव्हतं. निशाण वळलं. उरलेल्या चार त्याने नेहमीसारख्या मारल्या.

निशाणाजवळ, मागच्या मातीच्या बांधापाशी गेलो. चार भोकं, सगळी मधल्या काळ्या वर्तुळात. मधलं भोक मोठं, फाटकं. असं असेल तर दोन गोळ्या एकाच भोकातून गेल्या असं धरायची आमच्यात रीत आहे. शंका असली की फायदा नेमबाजाचा. मी पाचवीचे दहा लिहिले. त्या दहाने तो वर आलेल्यांत बसत होता, बिल्ल्याचे सहाही मिळत होते.

शेजारच्या निशाणाचा बर्नी डोकावला. "दोन गेल्यात. सही कर, स्ट्रोबेल, नाहीतर पेन वाळेल."

व्हर्लिनने कागद पाहिला. "पाचवीला शून्य मांड."

"एकाच भोकातून गेल्या असतील," मी म्हणालो.

"पाचवी मातीत आहे."

"तुला तुझं बोट कळत नाही, आणि हे बरं कळतं?"

"आवाज कळतो," तो म्हणाला. "तुलाही कळला."

मी खोडलं. शून्य लिहिलं. त्याने सही केली. सामन्यात चार गुणांनी तो खाली राहिला; बिल्ल्याचे सहा गुण गेले.

परतीच्या वाटेवर त्याने सँडविच खाल्लं आणि फाउंड्रीतलं तीन नंबरचं चाक झिजलंय एवढंच बोलला. सोमवारी मेव्हिसने मला सांगितलं की तळघरातली खटखट बदललीय, एकसारखी येत नाही. तो डावा हात लावत होता.

डाव्या बोटाला जाण होती, म्हणून ते दचकायचं. सप्टेंबरात आमच्या क्लबात त्याने डाव्याने शंभरपैकी एकसष्ट केले. पोरंसुद्धा त्याहून जास्त करतात. मी म्हटलं, उजव्यानेच मार, पुढचा जुलै उबदार निघेल.

"आणि नाही निघाला तर?" एवढं विचारून तो निशाण बदलायला गेला.

त्या हिवाळ्यात त्याने सगळे शनिवार जादा पाळी केली. एकही सोडला नाही. ताप असतानाही आला. त्या मजुरीतून मार्चमध्ये दोन पेट्या आल्या. दहा हजार लहान, सरावाची काडतुसं, डाव्या हातासाठी.