बारा नंबरचा डबा

आमच्या गच्चीवर सतरा डबे होते. पंधरा किलोच्या तेलाचे रिकामे डबे, वरून कापलेले, तळाला पाच-पाच भोकं. माती अभनपूरकडून आणवली होती. प्रत्येक डब्यावर मी पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकला होता, एक ते सतरा. नाव कशावरही नव्हतं.

हे मी मुद्दाम केलं होतं. छत्तीसगड राज्य नवं झालं होतं, रायपूर राजधानी झालं होतं, आणि बूढ़ापाऱ्यातल्या आमच्या गल्लीतली मुलं कोचिंगच्या वह्यांतून प्रश्नोत्तरं पाठ करण्यात बुडाली होती. झाडाचं नाव सांगितलं की ती झाडाकडे बघणं सोडतात, असं माझं मत झालं होतं. म्हणून आधी बघा, मोजा, लिहा, नाव शेवटी. मेथी-टमाट्याला मुलं येत नाहीत हेही मला ठाऊक होतं, म्हणून मी विचित्र झाडं जमवली. हात लावला की मिटणारी लाजाळू. वेलीवर हवेतच कंद लटकवणारा करांदा. सडक्या मांसासारखा वास येणारं सुरणाचं फूल. आणि कळलावी, जिच्या पानाचं टोक तारेसारखं वळून आधाराला धरतं आणि जिचं फूल हिरव्याचं पिवळं आणि पिवळ्याचं लाल होतं.

दर रविवारी सकाळी सात वाजता नऊ मुलं येत. मी हजेरी घ्यायचो. मी सरकारी कार्यालयात आकडेवारीच्या विभागात आहे, रकाने आखल्याशिवाय मला काही सुचत नाही. एका मोठ्या रजिस्टरमध्ये डाव्या पानावर हजेरी, उजव्या पानावर त्या दिवशी काय शिकवलं, कोणाचं झाड किती इंच वाढलं. ह म्हणजे हजर, ग म्हणजे गैरहजर. नियम एकच होता. गच्चीवरून काहीही घरी न्यायचं तर आधी रजिस्टरमध्ये लिहायचं.

त्या नऊ जणांत एक चौदा वर्षांची मुलगी होती. तिचे वडील उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये पाळीनं कामाला जात, आई घरी शिवणकाम करायची. माणसं मूळची आमच्यासारखीच विदर्भातली. घरात मराठी, पण मुलगी उत्तर हिंदीतच द्यायची. तिच्याकडे अकरा आणि बारा नंबर होते. अकरात करांदा, बारात कळलावी. दोन्ही वेल, दोन्हींना खाली कंद. बारा नंबर सगळ्यांत उंच गेला, चार फूट तीन इंच. मी तिच्या रकान्यात 'उत्तम' लिहिलं. ते पान दाखवायला तिनं आईला वर बोलावलं होतं. आई जिना चढून आली, बारा नंबरच्या फुलाला हात न लावता बराच वेळ बघत राहिली, आणि म्हणाली की आमच्या पोट्टीनं पहिल्यांदा काहीतरी शेवटपर्यंत नेलं.

कळलावीचा कंद विषारी असतो. हे मला माहीत होतं आणि मी मुलांना सांगितलंही होतं, पावसाळ्याच्या सुरुवातीला, एकदा. पाच आणि बारा, कळलावीच्या या दोन डब्यांतलं काही तोंडात घालायचं नाही, हात धुवायचे. मुलांनी माना डोलावल्या. मी पुढच्या विषयाकडे वळलो.

दिवाळीच्या आधी वेल सुकले. फुलं गेली, पानं गेली, सगळ्या डब्यांवर सारख्याच तपकिरी काड्या उरल्या. छत्तीसगडात दिवाळीला घरोघर कांदा शिजतो, इथे कंदाला कांदाच म्हणतात. म्हणून मी मुलांना म्हटलं होतं की दिवाळीला आपापल्या डब्यातला कंद काढून घरी न्यायचा. आपापल्या डब्यातला, असंच म्हटलं. पाच आणि बारा सोडून, असं म्हटलं नाही. कंद काढायच्या रविवारी मला कार्यालयात बोलावणं आलं. नव्या राजधानीत रविवार आमचे उरले नव्हते. मी बायकोला गच्चीचं दार उघडून द्यायला सांगितलं आणि गेलो.

संध्याकाळी रजिस्टर पाहिलं. मुलीनं स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं: ११ नंबर, ३ कांदा. १२ नंबर, २ कांदा. मी ते वाचलं. नोंद बरोबर आहे एवढं पाहिलं आणि रजिस्टर मिटलं. इतके आकडे वाचले आहेत मी आयुष्यात, की आकडा दिसला आणि त्यामागची वस्तू दिसली नाही.

सोमवारी दुपारी आईनं ते कंद उकडून भाजी केली. मुलीनं एक फोड चाखली, कडू लागली, थुंकून टाकली. आई म्हणाली की करांदा थोडा कडूच असतो, आणि तिनं खाल्ली. वडील पाळीवर होते, त्यांचा डबा सकाळीच गेला होता. संध्याकाळपासून आईला उलट्या सुरू झाल्या. मोहल्ल्यातल्या डॉक्टरांना वाटलं दिवाळीची मिठाई बाधली. सलाईन लावलं, घरी पाठवलं. मंगळवारी मोठ्या दवाखान्यात नेलं. मला बुधवारी कळलं, गच्चीवर येणाऱ्या दुसऱ्या एका मुलाकडून. मी त्याला विचारलं, कोणता नंबर. तो म्हणाला, "बारा भी था, अंकल."

मी रजिस्टर घेऊनच दवाखान्यात धावलो. डॉक्टरांना झाडाचं नाव सांगितलं, कंदांचं वजन सांगितलं, अंदाजे एकशे चाळीस ग्रॅम. त्यांनी विचारलं की हे सोमवारी का नाही सांगितलं. या विषावर उतारा नव्हता. शुक्रवारी सकाळी मुलीची आई गेली.

शनिवारी पोलिसांनी जबाब घेतले. दोन मुलांनी सांगितलं, अंकलने तो साफ बोला था, पाँच और बारह नहीं खाना. मीही तेच सांगितलं, की मुलांना मी बजावलं होतं. ठाण्यातल्या मुन्शीनं तारीख विचारली. मी म्हटलं, घरी जाऊन रजिस्टर पाहून सांगतो. तारीख चुकीची जायला नको होती.

घरी येऊन ते पान उघडलं. उजवीकडे माझ्याच अक्षरात: 'विषारी झाडांबद्दल सूचना दिली. डबे ५ व १२.' डावीकडे हजेरी. तिच्या नावापुढे ग. बाजूला लहान अक्षरात, 'गावी गेली.' पुढच्या रविवारी ती आली होती. त्या दिवशी उजव्या पानावर फक्त उंची मोजल्याचं होतं.

मी मुन्शीला फोनवर तारीख कळवली. दुसरं काही कळवलं नाही.

मुलीचं काय चाललं आहे ते गल्लीतून कळत होतं. वडील तिच्याशी बोलत नव्हते. ती स्वयंपाक करायची, ते ताटाला हात लावत नव्हते, मिलच्या कँटीनमध्ये जेवून यायचे. शेजारच्या बायका म्हणत, मास्तरनं सांगूनही पोट्टीनं ऐकलं नाही, आईले खाऊ घातलं. तिला नागपूरला मामाकडे कायमची धाडायचं ठरत होतं. शाळा अर्ध्यावर सोडून.

मी रोज ऑफिसातून आलो की रजिस्टर काढायचो, ते पान बघायचो, परत ठेवायचो. बायकोनं काही दिवस बघितलं. मग एकदा भाजी निवडता निवडता, मान वर न करता म्हणाली, "रोज काढून पाहता अन् ठेवता. त्यानं त्या पोट्टीची हजेरी लागणार हाय काय?"

मी म्हटलं, केस पुन्हा उघडली तर नोकरी जाऊ शकते.

"दार मी उघडून दिलं होतं," ती म्हणाली. "मी येऊ काय संगं?"

मी एकटाच गेलो. वडील पाळीवरून नुकतेच आले होते, पायांवर मिलची काळी धूळ होती. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एका कोपऱ्यात तिची बॅग भरून ठेवलेली होती. मी खाली बसलो, पान उघडलं आणि तिच्या नावापुढच्या अक्षरावर बोट ठेवलं. म्हटलं, मी सांगितलं त्या दिवशी ही नव्हती. हिला मी कधीच सांगितलं नाही. हिनं नियमाप्रमाणे लिहूनही ठेवलं होतं, मी वाचलंही होतं.

त्यांनी पान जवळ घेऊन वाचलं. दोन्ही बाजू वाचल्या.

"हे तुमाले कधी समजलं, भाऊ?"

"जबाब दिला त्याच दिवशी. त्या शनिवारी."

त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. मला आकडा माहीत होता.

"अकरा दिवस," ते म्हणाले. "अकरा दिवस म्या या पोरीच्या तोंडाकडं पाहिलं नाही."

मी म्हटलं की उद्या ठाण्यात जाऊन हे लिहून देतो. ते म्हणाले, तुमचं तुमी पाहा. मग त्यांनी मुलीला विचारलं की तू नव्हती, हे सांगितलं काहून नाही.

ती म्हणाली, "मुझे लगा बताया होगा. मैंने ही ध्यान नहीं दिया होगा."

मला रजिस्टर उचलायचं होतं. त्यांनी त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, हे इथंच राहू द्या. मी उठलो. दाराबाहेर वाकून चपला घालत होतो तेव्हा आतून त्यांचा आवाज आला.

"तांदूळ काढ."

"कितना?"

"दोघाचा."