बाबांची बंदूक माझ्या नावावर

सव्वीस वर्षं मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर काढली. माणूस समोर येऊन उभा राहायच्या आधीच त्याच्या फाइलच्या जाडीवरून मला कळायचं, कोणता कागद राहिलाय. लोक मला खडूस म्हणायचे. म्हणू देत. माझ्या हाताखालून गेलेली फाइल त्रुटी काढून परत आली, असं कधी झालं नाही. म्हणून बाबा गेल्यावर त्यांच्या बंदुकीचं लायसन्स स्वतःच्या नावावर करून घ्यायचं ठरवलं, तेव्हा मला अजिबात टेन्शन नव्हतं. अर्ज आहे, कागद आहेत, जोडायचे आणि द्यायचे.

बंदूक दुनळी. बाबांनी ती गावाला रानडुकरं हाकलायला घेतलेली. गिरणी बंद पडली, दोन वर्षं हातात काम नव्हतं, तेव्हा बाबांनी ती रीतसर मुंबईत आणली, इथे नोंदवली आणि घाटकोपरच्या एका बँकेच्या दारात गार्ड म्हणून उभे राहिले. स्वतःची बंदूक असेल त्याला तेव्हा नोकरी पटकन मिळायची. एकोणीस वर्षं उभे होते. एकदाही गोळी झाडायची वेळ आली नाही. माझं कॉलेज, माझं लग्न, धाकट्या भावाचा डिप्लोमा, सगळं त्या बंदुकीच्या जिवावर झालं.

बाबा गेल्यावर पोलीस ठाण्यातून सांगण्यात आलं की आता ती घरात ठेवता येणार नाही. आम्ही ती परवानाधारक दुकानात जमा केली आणि पावती घेतली. मुदतीत कोणा वारसाच्या नावाने लायसन्स झालं तर ठीक, नाहीतर ती सरकारजमा होणार आणि पुढे वितळवणार. वितळवणार! माझं डोकंच सणकलं. जिने आम्हाला दोन वेळचं जेवू घातलं ती भट्टीत जाणार, आणि मी बघत बसणार? मग माझा सव्वीस वर्षांचा अनुभव काय चुलीत घालायचा?

आईने ऐकलं तर ती म्हणाली, "अगो, तुका कित्याक व्हयी ती? कोण येतलो तुका लुटूक?" नवऱ्याने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "म्हणजे आता तुझ्याशी भांडायची सोयच राहिली नाही." आमच्या नाहूरच्या सोसायटीच्या चेअरमननी तर कहरच केला. पुढे अर्ज गेल्यावर पोलीस चौकशीला आले, त्यांनी शेजारीपाजारी विचारलं, बाई कशा आहेत म्हणून. हे गृहस्थ म्हणाले, बाई सभ्य आहेत, पण पार्किंगच्या विषयावर जरा तापट आहेत. मी जिन्यातच गाठलं त्यांना. म्हटलं, अहो, माझ्याकडे गाडीच नाही, मी कशाला तापेन? ते म्हणाले, हेच, हेच ते, बघा.

पण काम चालू होतं. मृत्यूचा दाखला, बाबांचं मूळ लायसन्सचं पुस्तक, वारस दाखला, डॉक्टरचं सर्टिफिकेट, कपाटाला नवीन कुलूप आणि त्या कुलपाचा फोटो. बंदूक हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून एका रायफल क्लबात गेले. तिथे सगळी कॉलेजची पोरं, आणि मध्ये मी, त्रेपन्न वर्षांची, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधून. शिकवणाऱ्या सरांनी विचारलं, आधी कधी बंदूक हातात धरलीय का? मी ती उघडली, दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री केली, तोंड जमिनीकडे ठेवलं आणि मगच त्यांच्याकडे बघितलं. सर म्हणाले, "झकास. कोणी शिकवलं?" मी म्हटलं, वडिलांनी, दर रविवारी.

खरंच दर रविवारी. बाबा चटईवर जुनं वर्तमानपत्र पसरायचे, बंदूक मोकळी करायचे आणि मला समोर बसवायचे. लांब गजाला फडकं गुंडाळून नळीतून फिरवायचं काम माझं. तेलाचा वास दुपारपर्यंत हाताला राहायचा. आईला तो आवडायचा नाही, मला फार आवडायचा.

अर्ज घेऊन गेले त्या दिवशी मी नवीन साडी नेसले होते. खिडकीतली मुलगी माझ्या धाकट्या मुलीएवढी असेल, पण कामाला पक्की. एकेक कागद उलटत गेली, आणि मला मनातून तिचं कौतुक वाटत होतं. मग ती थांबली. म्हणाली, "मॅडम, वडिलांच्या मागे वाटणीचं वगैरे काही झालंय का?" मी म्हटलं, वाटणी नाही, हक्कसोड झालंय, मी भावाला दिलंय. जोडलंय मागे. नको असलेला कागदसुद्धा जोडून ठेवावा, ही माझी जुनी सवय.

तिने तो वाचला. आणि बोट ठेवून माझ्याकडे वळवला. "वडिलांच्या नावे असलेली सर्व स्थावर व जंगम मालमत्ता," असं लिहिलं होतं. सर्व जंगम. म्हणजे घरातली भांडी, कपाट, पंखा. आणि बंदूक.

"मॅडम, बंदुकीवरचा हक्क तुम्ही सोडलाय. भावाचं आणि आईचं प्रतिज्ञापत्र आणा, की बंदूक तुम्हाला द्यायला त्यांची हरकत नाही. त्याशिवाय फाइल पुढे जाणार नाही."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. लोकांच्या अर्जातली चुकलेली वेलांटी मी काढायची, आणि स्वतःचं हक्कसोड न वाचता सही केलेलं! पण आमच्यात बहीण ते वाचत नाही हो. बापाचे दिवस झाले की भाऊ कागद आणतो, बहीण सही करते. वाचायला घेतलं तर मन मोठं नाही म्हणतात. माहेरचं दार उघडं राहावं, भाऊबीजेला ताट मिळावं, म्हणून सही करायची. मी केली. वर आईला फोन करून सांगितलंसुद्धा, बघ, दोन मिनिटांत काम झालं.

संध्याकाळी मुलुंडला भावाकडे गेले. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान, माझ्या कडेवर वाढलेला. मला वाटलं, चहा होईल, हसेल, सही करेल. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "जाऊ दे ना ताई. सरकारजमा होऊ दे."

"होऊ दे म्हणजे?"

"म्हणजे नको ती ब्याद. मी सही नाही करणार."

झालं. मी पण मग तोंड सोडलं. म्हटलं, घर दिलं, गावची जमीन दिली, आंब्याची कलमं दिली, कधी एक पेटी मागितली का रे? एक लोखंडाचा तुकडा मागतेय. तो म्हणाला, मी मागितलं नव्हतं घर, तूच सही केलीस. आतून आई म्हणाली, "अरे झिला, हळू. खालचे लोक ऐकतले." भावजय बिचारी पोळ्या लाटायची थांबली. मी पर्स उचलली आणि चप्पल घालायला लागले. मला रडायला येत होतं आणि त्या रडण्याचाच जास्त राग येत होता.

तेव्हा तो दारात येऊन म्हणाला, "तुला समोर बसवायचे ते. मला सांगायचे, जा, दूध घेऊन ये. दूध आणलं की, जा, पेपर आण. पेपर आणला की, जा खेळायला. ताई, एकदाही मला ती हातात धरू दिली नाही. एकदा पलंगाखालून ओढली तर कानफटात बसली, आठवतंय? तुला घर नको होतं, तू दिलंस. मला काय हवं होतं ते कोणी विचारलं?"

मी चप्पल काढली आणि परत आत जाऊन बसले.

कारण मला माहीत होतं. बाबांनीच मला सांगितलं होतं, आणि मी कधी त्याला सांगितलं नव्हतं. गिरणी बंद पडल्यावर आमच्या चाळीतली तीन पोरं वाईट मार्गाला लागली. त्यातला एक तर याच्याबरोबर क्रिकेट खेळायचा, आमच्याकडे येऊन आंबोळ्या खायचा. पुढे पोलीस त्याला घरातून घेऊन गेले आणि त्याची आई आमच्या दारात बसून रडली. त्या रविवारी बंदूक पुसताना बाबा मला म्हणाले होते, "याला या वासाची सवय नको लावू. तुझी मला भीती नाही, त्याची आहे." मला तेव्हा मोठी ऐट वाटली. बाबांनी मला विश्वासात घेतलं म्हणून मी आठवडाभर मिरवत होते. तो बाहेर दुधाच्या रांगेत उभा होता, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो दारातून आत येऊन माझ्यासमोर बसला. मग म्हणाला, "मला वाटायचं, माझ्यावर त्यांचा विश्वास नाही."

"तुझ्यावर होता रे. त्या दिवसांवर नव्हता."

"मग सांगायचं ना कोणीतरी."

सांगायचं माझंच राहिलं होतं. मी त्याला तसं म्हटलं, सरळ शब्दांत, चुकले म्हणून. आईने डोळ्यांना पदर लावला आणि आम्हा दोघांना जेवून घ्यायला सांगितलं. सुकटीची चटणी आणि भात होता. कागदाचा विषय मी काढला नाही. निघताना तोच म्हणाला, उद्या साडेदहाला नोटरीकडे येतो, आईला पण आणतो.

आला. सही केली. आईने मोडी वळणाची वाटावी अशी आपली सही केली आणि नोटरीला विचारलं, "बंदूक बाईच्या नावावर होता काय हो?" ते म्हणाले, होते आजी, का नाही होणार? पुढे मुलाखत झाली. साहेबांनी विचारलं, बंदूक कशासाठी हवी? स्वसंरक्षणासाठी म्हणा, असं मला चार जणांनी पढवलं होतं. मी म्हटलं, साहेब, ही आमच्या घरातली कमावती होती, तिला भंगारात जाऊ द्यायची नाही. साहेबांनी मान वर करून बघितलं आणि वारसा हक्क, असं लिहून घेतलं. फाइलमध्ये एकही त्रुटी निघाली नाही. निघणारच नव्हती, यावेळी एकेक ओळ वाचली होती मी.

लायसन्सचं पुस्तक हातात आलं त्या दिवशी भाऊ म्हणाला, दुकानात मी पण येतो. रजा टाकून आला. दुकानदार वयस्कर, नाकावर चष्मा. त्याने पावती घेतली, पुस्तक उघडून नंबर पडताळला, आत गेला आणि बंदूक घेऊन आला. काउंटरवर आम्ही दोघं उभे. त्याने ती सरळ भावापुढे धरली. "घ्या साहेब, बघून घ्या."

भावाचे हात वर आले होते. मी बघितले. पण त्याने ते मागे घेतले आणि पाठीशी बांधले. म्हणाला, "माझी नाही. लायसन्स हिचं आहे, हिच्या हातात द्या."

मी घेतली. उघडली, नळ्या बघितल्या, बंद केली. रजिस्टरवर सही केली. मग दुकानदाराला विचारलं, मी समोर उभी असताना भावाने इथे जरा हातात धरली तर चालेल ना? तो म्हणाला, तुमच्यासमोर काय हरकत आहे.

"धर," मी म्हटलं. "तोंड खाली. हा हात इथे."

त्याने धरली. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, केस पिकायला लागलेले, श्वास रोखून उभा. घोड्याकडे त्याने बोटसुद्धा नेलं नाही. थोड्या वेळाने त्याचा खांदा एका बाजूला कलायला लागला, तेव्हा त्याने दुसऱ्या हाताचा आधार घेतला.

"ताई, केवढी जड आहे गं ही," तो म्हणाला. "आणि ते रोज आठ-आठ तास उभे असायचे."