काका डफ कधी देणार?

आमच्या शाहिरी ग्रुपमध्ये कोणी काही विसरत नाही, आणि नवं माणूस आलं की त्याला सगळं पहिल्यापासून ऐकवतात. किस्से साठणार नाहीत तर काय? गेल्या वर्षी ते नवं माणूस मी होते. आता माझेही चार झालेत.

युनीच्या पहिल्याच सेमिस्टरला मी ब्लॅकटाउनला शुभांगीताईंच्या गॅरेजमध्ये प्रॅक्टिसला गेले. ताई नर्स आहेत, ढोलकी त्यांची. शाहीर म्हणजे विलासकाका; मी पाळण्यात होते तेव्हापासून सिडनीत डफ वाजवतायत. गेल्या गेल्या मी भाषण ठोकलं. नवी गाणी हवीत, आजचे प्रश्न हवेत, माणसं पेटून उठली पाहिजेत! ताई ढोलकीची दोरी ओढत शांतपणे ऐकत होत्या.

"झालं?" त्या म्हणाल्या. "आता रांगेत शेवटी उभी राहा."

शेवटची जागा नव्या झीलकऱ्याची. शाहिराची ओळ संपली की 'जी जी जी' आधी त्याने उचलायचं, मग बाकीच्यांनी. स्वतःचं कडवं कधी म्हणायचं? काका डफ हातात देतील तेव्हा. ते कधी देतील, हे कोणी सांगत नाही.

*

दमट हवेत डफाचं कातडं सैल पडतं, म्हणून तो शेकावा लागतो. एकदा पार्कात कार्यक्रम होता आणि सकाळपासून पाऊस. काकांनी सरळ तिथल्या बार्बेक्यूवर डफ धरला. मागे एक गोरे आजोबा सॉसेजची प्लेट घेऊन उभे. किती वेळ लागेल, त्यांनी विचारलं. काकांनी डफावर टिचकी मारून कान लावला.

"नॉट येट, मेट. अजून कच्चा आहे."

आजोबांनी आपला चिमटा पुढे केला.

*

एका शाळेने आम्हाला चार मिनिटं दिली. काका म्हणाले, नो वरीज. चार मिनिटांत नुसतं वंदन झालं, मग महाडचा पोवाडा सुरू. लंचची घंटा वाजली, मुलं पळाली, टीचर मला खुणा करायला लागल्या. मी काकांच्या कानाशी गेले.

"बाईंना सांग," काका म्हणाले, "मोर्चा आत्ता कुठे निघालाय. तळ्यावर पोचल्याशिवाय थांबता येत नाही."

*

वेंटवर्थव्हिलला मी एक रूम बघायला गेले होते. घरमालकीण आपलीच, मराठी. आधी नाव विचारलं, मग आडनाव, मग 'मूळचे कुठले?' चहा येईपर्यंत रूम दुसऱ्या कोणाला तरी दिलेली निघाली. परतीच्या ट्रेनमध्ये मी त्यावर कडवं लिहिलं.

काकांना ऐकवलं. "चांगलंय," म्हणाले, आणि पुढच्या गाण्याला लागले. मग मी ते त्यांना कार्यक्रमांहून परत येताना कारमध्ये ऐकवायला लागले, दर वेळी. मी सुरू केलं की काका जीपीएसचा आवाज वाढवायचे.

*

एप्रिलमध्ये जयंती. हॉल भरलेला, पोवाडा रंगात आलेला, आणि मधेच काकांनी डफ माझ्या हातात ठेवला. मी पुढे झाले, कडव्याची पहिली ओळ जीव तोडून म्हटली आणि थांबले.

मागून 'जी जी जी' येईना. झील उचलणारी तर मीच होते! ढोलकी चालू, बाकीचे एकमेकांकडे बघतायत. तेवढ्यात काका चालत रांगेच्या टोकाला गेले, माझ्या जागेवर उभे राहिले, कानावर हात ठेवला आणि 'जी जी जी' उचललं. त्यांच्यामागे रांग आणि रांगेमागे सगळा हॉल.

कडवं संपलं. टाळ्या चालू असताना मी मागे वळले. काका घसा चोळत होते.

"पुढचं जरा खालच्या सुरात घे, प्रज्ञा," ते म्हणाले. "झीलकऱ्यांचे हाल होतात."