सह्या केलेले कोरे कागद

नाशिकच्या सुनीती दाणींना दोह्यात कुणी विचारलं, "तुमचं नेमकं काम काय हो?" की त्या म्हणत, "पंतप्रधान बदलते." खोटं नव्हतं ते. अल हिलालमधल्या एका व्हिलात, दक्षिण आफ्रिकेच्या पोटातल्या एका चिमुकल्या डोंगरी राज्याची कचेरी होती आणि तिथल्या एकुलत्या एक कारकून म्हणजे सुनीतीबाई. भिंतीवर राजाचा फोटो कायमचा. शेजारच्या खिळ्यावर पंतप्रधान. सहा वर्षांत चार झाले. राजा बोले, दळ हाले म्हणतात. इथं राजाला बोलायचीच मुभा नव्हती आणि दळ सारखं हलत होतं. चार खासदार उठून समोरच्या बाकावर बसले की सरकार पडलंच. उतरवलेले फोटो बाई कपाटात जपून ठेवत. राजकारणातला माणूस आणि घरातली जुनी बरणी कधी लागेल सांगता येत नाही, असं त्यांचं मत होतं.

त्या मंगळवारी पुन्हा सरकार पडलं. राजधानीतून ईमेल आला: जुन्या सरकारनं नेमलेल्या कॉन्सलची, म्हणजे कचेरीच्या प्रमुखाची, सही पुढच्या आदेशापर्यंत चालणार नाही. कॉन्सलसाहेब रजेवर मायदेशी होते आणि त्यांचा फोन बंद होता.

बुधवारी सकाळी पुलेंग आली. त्याच राज्यातली, अल मुंतझातल्या एका सलूनमध्ये झाडलोट करणारी. तिची आई वारली होती आणि शनिवारी माती द्यायची होती. पासपोर्टची मुदत संपलेली, त्यामुळे घरी जायला कचेरीचा प्रवासाचा कागद हवा होता.

"उद्याच्या विमानात जागा आहे, मॅडम. फक्त कागद द्या."

कागद ड्रॉवरमध्येच होता. साहेब रजेवर जाताना अडीनडीला म्हणून चार कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवत. नाव लिहायचं, सोमवारची, म्हणजे सरकार पडायच्या आदल्या दिवसाची तारीख टाकायची, शिक्का मारायचा. बाईंनी आत जाऊन नवऱ्याला फोन लावला.

"सही चालत नाही असं लेखी आलंय ना? मग खलास!" विजयकुमार म्हणाले. "उद्या चौकशी झाली तर नोकरी जाईल, व्हिसा जाईल. नुपूरचं दहावीचं वर्ष आहे. हात लावू नकोस."

बाई भित्र्या नव्हत्या, नियमाच्या पक्क्या होत्या. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी दोन्हींतला फरक त्यांनाही कळला नसता. त्यांनी पुलेंगला पाणी दिलं, खुर्ची दिली, कागद दिला नाही. ती कचेरी बंद होईपर्यंत बसून राहिली.

रविवारी दुसरा ईमेल आला. कॉन्सलसाहेबांनी पक्ष बदलला होता. नव्या सरकारनं त्यांना कायम ठेवलं होतं, तेही मंगळवारपासूनच, खंड न पडता. म्हणजे सही सगळे दिवस चालतच होती. कोलांटउडी मारली साहेबांनी आणि तोंडावर आपटली पुलेंग. बाईंना स्वतःचीच शिसारी आली.

नवा पंतप्रधान जुनाच निघाला, दोन सरकारांपूर्वीचा. कपाटातला त्याचा फोटो बाई स्टुलावर चढून टांगत होत्या, तेवढ्यात पुलेंग पासपोर्टचा अर्ज भरायला आली. बाई खाली उतरल्या. त्यांनी काहीही लपवलं नाही.

"बुधवारी मी कागद दिला असता तर तू पोचली असतीस. चूक माझी आहे."

पुलेंग त्यांच्याकडे नाही, फोटोकडे बघत होती.

"ह्याला मत द्यायला आई दोन डोंगर उतरून गेली होती," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं तिला. म्हटलं, हा आला तर गावात काम निघेल, मी घरी येईन."