आम्ही खडकावरचे शेवाळवाले

खडकावर शेवाळ धरायला महिने लागतात. किस्से मात्र आठवड्याला दोन उगवतात, आणि त्यांना पाणीही घालावं लागत नाही!

केदारखेड्याजवळच्या बंद खदानीत आमचं काम चालतं. उघड्या दगडावर उपयोगी जिवाणूंचं द्रावण फवारायचं, त्यावर शेवाळ वाढवायचं. पुढे त्यात माती साठते, गवत येतं. संस्थेनं मला एकच पावसाळा दिला होता. जमलं तर ठीक, नाहीतर गाशा गुंडाळा!

*

पहिला आहेर घरचाच. जाफराबादला मामांकडे गेलो होतो. मामांनी विचारलं, "आजकाल काय करून राह्यलास?"

"शेवाळ वाढवतो."

मामांनी माझा हात धरला आणि मला थेट मागच्या हौदाशी नेलं. "हे बघ. काहीच न करता आलंय. तुला पीएचडी कशाला लागली रे?"

मी चहा न घेताच निघालो.

*

शेवाळ लावण्याआधी बारीक करावं लागतं. लॅबचा मिक्सर जळला, म्हणून घरचा वापरला. गुपचूप धुऊनही ठेवला. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याची चटणी हिरवट निघाली!

बायको शांतपणे म्हणाली, "हे भांडं आता खदानीतच राहू द्या. आणि तुम्हीही तिकडंच जेवत जा."

आठवडाभर जेवलो!

*

ग्रामसभेत मी स्लाइड दाखवत सुटलो. "आधी जिवाणू, मग शेवाळ, मग माती, मग झाडं!"

मागून एका आजोबांनी विचारलं, "झाडं यायला किती टाइम लागंल?"

"वीस-पंचवीस वर्षं."

"मंग सर, निवांत बोला की. एवढी जल्दी काय हाये?"

परवानगी मिळाली. भाषण मात्र अर्धंच राहिलं.

*

शेतकरी रामभाऊंकडून फवारणीचा पंप मागून आणला. चार दिवसांत शेवाळ पिवळं पडलं. मी पाणी तपासलं, दगड तपासला, बिचाऱ्या जिवाणूंवर संशय घेतला आणि तीन पानी अहवाल लिहिला.

रामभाऊ आले, वाकून बघितलं. "सर, ह्या पंपानं मी बांधावर तणनाशक मारलं व्हतं. तुम्ही धुतला का न्हाई?"

माझ्या तीन पानांत पंपाचा उल्लेखसुद्धा नव्हता!

*

मग सगळं पहिल्यापासून. खडकावर रंगानं चार चौकोन आखले. तिघांना जिवाणू, चौथ्याला नुसतं पाणी. म्हणजे फरक दिसेल. रोजची फवारणी गावातल्या गयाबाईंकडे. "चौथ्याला औषध द्यायचं नाही," असं मी त्यांना दोनदा बजावलं.

पावसाळा संपताना संस्थेच्या मॅडम पाहणीला आल्या. बघतो तर चारही चौकोन सारखेच हिरवेगार!

मॅडमनी चष्मा काढला. "नुसत्या पाण्यावरही एवढंच येतं, तर तुमच्या जिवाणूंनी केलं काय?"

काम गेलं, हे कळत होतं. मी फाइल मिटली. खरं सांगतो, रडायचंच बाकी होतं.

तेवढ्यात गयाबाई पदर खोचत पुढे आल्या.

"मॅडम, सर माणूस चांगले हायेत, पण ह्ये त्यांचं बिलकुल पटलं न्हाई. पंगत बसवायची, तिघांना वाढायचं आन् एकाला नुसतं पाणी? मला न्हाई बघवलं. सर गेले की त्यालाबी मी देत व्हते. बराबर, बाकीच्यांयेवढंच!"