कॉपी होईपर्यंत बसा

लॅपटॉपच्या दुकानात किस्से साठतात ते दुरुस्तीमुळे कमी आणि वाट बघण्यामुळे जास्त. जुनी हार्ड डिस्क काढून तिच्या जागी नवी, वेगवान एसएसडी बसवायची, तर आधी जुनीवरचं सगळं नवीवर कॉपी करावं लागतं. त्याला तास-दीड तास सहज जातो. स्क्रीनवर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत असते. समोरच्या बाकावर बसलेला माणूस तिच्याकडे बघत राहतो, आणि पट्टी अर्ध्यावर आली की आपोआप बोलायला लागतो.

आमचं दुकान नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ, पहिल्या मजल्यावर. मी आणि मुश्ताकभाई, दोघंच. स्क्रू त्यांच्याकडे, सॉफ्टवेअर माझ्याकडे. खिडकीबाहेर कडुनिंब आहे. दुपारी त्याची सावली टेबलावरून इतकी सावकाश फिरते, की कधीकधी पट्टी जास्त हळू सरकते की सावली, ते कळत नाही.

* * *

नांदगावचे एक गुरुजी आले होते. त्यांचा लॅपटॉप सुरू व्हायला दहा मिनिटं घ्यायचा. आम्ही एसएसडी बसवली, त्यांच्यासमोर चालू करून दाखवला. बारा सेकंदांत स्क्रीन हजर. गुरुजी खूश होऊन गेले.

आठवड्याने त्यांचा फोन आला. आवाज जरा पडलेला.

"मॅडम, लॅपटॉप उत्तम चाललाय. पण मी सकाळी बटण दाबायचो आणि अंगणात जाऊन बसायचो. चिमण्या यायच्या, शेजारचे आप्पा कुंपणापाशी येऊन दोन शब्द बोलायचे. आता बटण दाबतो आणि लगेच कामच सुरू होतं हो."

मी म्हटलं, "सर, तुम्ही आधी अंगणात बसा, मग बटण दाबा."

ते म्हणाले, "तसं नुसतं बसायला लाज वाटते."

* * *

कळवणच्या एक बाई, शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त. आम्ही काम झाल्यावर नव्या डिस्कची स्पीड टेस्ट करून वेगाचा आकडा दाखवतो. मी त्यांनाही दाखवला. आकडा छान होता. लोक साधारण तो बघून मान डोलावतात आणि उठतात.

बाई उठल्या नाहीत. "एकदाच पळवलंत?" त्यांनी विचारलं.

"हो."

"एका पळण्यावर मी कधी कुणाला संघात घेतलं नाही. परत पळवा."

परत पळवलं. आकडा थोडा खाली आला. तिसऱ्यांदा पळवलं, तर निम्म्यावर. बाईंनी पुढे होऊन लॅपटॉपच्या पोटाखाली हात घातला, आजाऱ्याचा ताप बघतात तसा. पोट चांगलंच गरम होतं.

"दम लागलाय त्याला," त्या म्हणाल्या. "पाच मिनिटं बसू दे."

मुश्ताकभाईंनी मागचं झाकण उघडलं. पंख्यात धूळ गच्च बसली होती, त्यामुळे नवी एसएसडी तापून आपणच वेग कमी करत होती. पंखा साफ केला, पुन्हा तीनदा पळवलं. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक टेस्ट तीनदा होते.

जाताना बाई मुश्ताकभाईंना म्हणाल्या, "तुम्हीही सकाळपासून वाकलेले आहात. जरा उठून एक फेरी मारून या." मुश्ताकभाई खरंच खाली जाऊन फेरी मारून आले.

* * *

विंचूरचा संपत लग्नाचे फोटो काढायचा. त्याची हार्ड डिस्क कुरकुरायला लागली होती. सगळे फोटो नव्या एसएसडीवर आले, त्याने मधलेमधले उघडून तपासले, सगळं ठीक. मग जुनी डिस्क हातात घेऊन म्हणाला, "आता ही कामाची नाय ना? मग उघडून दाखवा. आत काय हाय ते बघायचंय मला."

मुश्ताकभाईंनी झाकण काढलं. आत गोल चकती, आरशासारखी लख्ख. संपतने ती खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ कलती करून, फिरवून बघत राहिला. कडुनिंबाची पानं त्यात हलत होती.

"तीनशे लग्नं हायेत ह्यात," तो म्हणाला. "अन् दिसतोय मी एकटाच."

मुश्ताकभाई म्हणाले, "संपतभाऊ, तुमचं कधी?"

"फोटो कोण काढल?" संपत म्हणाला, आणि चकती रुमालात गुंडाळून घेऊन गेला.

* * *

देशमुख काका एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर होते. त्यांना दिसत नाही. लॅपटॉप स्क्रीनवरचं वाचून दाखवतो, त्यावर त्यांचं सगळं चालतं. एसएसडी बसवून दिली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते परत आले.

"हा मेला की काय? काही आवाजच नाही."

आमच्या लक्षात आलं. जुनी डिस्क सुरू होताना घूंऽऽ करायची, मग आत टिकटिक चालायची. त्या आवाजावरून काकांना कळायचं, की तो उठला, आता कामाला लागला. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती मुकी.

मी म्हटलं, सुरू झाल्यावर घंटा वाजेल असं करून देते. मी चार-पाच घंटा ऐकवल्या. काकांना एकही पटेना. "ही सगळी परकी माणसं वाटतात," म्हणाले.

मुश्ताकभाईंनी काकांची जुनी डिस्क कपाटातून काढली, वायर जोडली आणि मोबाइल तिच्यापाशी नेऊन आवाज रेकॉर्ड केला. तोच मी सुरुवातीचा आवाज म्हणून लावला. लॅपटॉप चालू केला. घूंऽऽ... टिकटिक, टिकटिक.

काकांनी झाकणावर हात ठेवला. "हं," म्हणाले, "आलास का."

* * *

सटाण्याकडचे एक आजोबा आणि आजी. आजोबा पूर्वी पोस्टमन. त्यांनी अहिराणी बोलीतले शब्द जमवले होते, अठरा वर्षं. एकेका अक्षराची एकेक फाइल; एका रकान्यात शब्द, दुसऱ्यात अर्थ. त्यांच्या डिस्कने शेवटचे श्वास घेत कॉपी दिली. सगळं आलं, एक फाइल सोडून. "आ" अक्षराची. तिच्या जागीच डिस्क खराब झाली होती. मी तीन तऱ्हांनी प्रयत्न केला. नाही वाचता आली.

आजोबांना सांगितलं, तेव्हा ते चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, "गावोगाव पत्रं वाटत जमवलेत हो मी हे."

आजी सकाळपासून बाकाच्या कडेला पदर घेऊन गप्प बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी आजोबांकडे बघितलंही नाही. खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणाल्या, "निम्मे शब्द तं मनाच शेतस. मी सांगस, तुम्ही लिखा."

मी नवी फाइल उघडून दिली. ती क्षणात उघडली, तर आजोबा दचकले. त्यांना तेवढ्या वेगाची सवय नव्हती. एका बोटाने ते टाइप करायला लागले.

"आंडेर," आजी म्हणाल्या. आजोबांनी लिहिलं: मुलगी.

"आंडोर." मुलगा.

शब्द येत राहिले. डोळे मिटून त्या सांगत होत्या, मधेच थांबत होत्या, कुठल्यातरी जुन्या दारातून आत जाऊन आल्यासारख्या. मुश्ताकभाईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला होता. सावली टेबलावरून उतरून जमिनीवर गेली.

मग आजी एक शब्द म्हणाल्या आणि आजोबांचं बोट थबकलं.

"हाऊ शब्द तू कधी सांगा नही," ते म्हणाले.

"तुम्ही कधी इचारा नही."

आजोबांनी तो लिहिला. अर्थाच्या रकान्यात कर्सर लुकलुकत राहिला. त्यांनी वर बघून विचारलं, "अर्थ?"

आजींनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा मुश्ताकभाईंकडे. पदर सारखा केला आणि उठल्या.

"घर चला," म्हणाल्या, "मंग सांगस."