रोबोच्या खांद्यातला दोरा

मुलीने सांगितलं, दादरला एका लग्नाच्या हॉलमध्ये रोबोवाल्यांचं संमेलन आहे. मी पहिलं विचारलं, विकतात काय तिथे? ती म्हणाली, काही नाही. खेळण्यातले रोबो, मोडून दुमडून मोटार होणारे, एकाच जातीचे. ते ज्यांना आवडतात ती माणसं भेटणार. आपल्याकडे पहिल्यांदाच. कमावायला लागल्यावर तिने घेतलेले तसले रोबो तिच्या कपाटात होते हे मला माहीत होतं. पण जिथे काही विकत नाहीत आणि चहा फुकट देतात तिथे मी जात नाही. चहा संपला की कुणीतरी विम्याचा फॉर्म काढतो.

न जाण्याचं खरं कारण वेगळं होतं. तसले रोबो मी जोडलेले होते.

गिरणीत मी साचेखात्यात होतो, म्हणजे विणायला. संपानंतर परत आत गेलो नाही. लालबागला आमच्या चाळीच्या मागे एका गाळ्यात प्लास्टिकचं काम निघालं, तिथे बसलो. मशीनमधून हात, पाय, डोकी पडायची आणि आम्ही पाटावर बसून ती जोडायचो. मालक यायचा आणि एकच सांगायचा, बाहेर बोलायचं नाही. खोक्यावर सगळं इंग्रजी, आणि माझी शाळा चौथीत सुटलेली. पण ज्या कामाबद्दल बोलायचं नाही ते काम चोरीचं, एवढं समजायला शाळा लागत नाही. दुसऱ्या कुणाच्या मालाची नक्कल चालली असणार. घरी मी प्लास्टिकचं काम एवढंच सांगितलं.

हे भाग पाडायची डाय झिजली होती. खांद्याची खुंटी भोकात सैल बसायची आणि रोबोचा हात लोंबायचा. असा माल पुढे जातो हे मला बघवेना. मी खुंटीला सुती दोऱ्याचे दोन वेढे द्यायचो, गाठ मारायचो आणि मग खुंटी दाबायचो. गिरणीत साच्यावर सुताची तार तुटली की विणकर मारतो ती गाठ. बोट फिरवलं तरी लागत नाही. हात घट्ट बसायचा. मालकाला मी विचारलं नाही आणि त्याला ते कळलंही नाही.

मी नाही नाही म्हणत होतो तर बायको म्हणाली, "चेडू न्हेता हा तर जावा गपचूप." गेलो.

हॉलमध्ये लहान मुलं कमी आणि पोटं सुटलेले बाप्येच जास्त. पांढऱ्या चादरीच्या टेबलांवर काचेच्या पेट्या, आत रोबो, जसे देव्हाऱ्यात देव. दारात वहीत नाव लिहायला सांगितलं, मी मुलीचंच पुरे म्हटलं. एक फुल शर्टवाला प्रत्येक रोबोचा खालून वरून फोटो काढत होता. हा कंपनीचा माणूस, नकला पकडायला आलाय, असं मी तेव्हाच ठरवलं.

एका टेबलाजवळ गर्दी होती. शीवहून आलेला एक गृहस्थ, कानाजवळ केस पिकलेला, लाल रोबो घेऊन उभा. रोबोचा हात खांद्यातून काढून ठेवला होता आणि खुंटीवर दोरा दिसत होता. मी लांबूनच ओळखला.

एक चष्मेवाला त्याला सांगत होता, "कारखान्यात दोरा कुठून येणार? घरी दुरुस्त केलेला माल कुणीतरी तुझ्या वडिलांच्या गळ्यात मारला."

"सीलबंद आणला होता त्यांनी. खोका मी फोडला."

"सहा वर्षांचा होतास तू. तुला काय आठवतंय?"

लोक हसले. शीववाल्याचे वडील आता नव्हते, हे मुलीने माझ्या कानात सांगितलं. मी तिला म्हटलं, चल, निघू. बोललो असतो तर मुलीसमोर चोरीच्या मालाचा कारागीर ठरलो असतो, तेही त्या फोटोवाल्याच्या देखत. आयुष्यात मला कुणी लबाड म्हटलं नव्हतं. तेवढ्यात चष्मेवाला खुंटी उजेडात धरून म्हणाला, "कुणातरी अडाण्याचं काम. गाठ बघा काय मारलीय."

"अडाण्याचं नाही," मी म्हटलं. "विणकराची गाठ आहे ती. मी मारलीय."

मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. मी सगळं सांगून टाकलं, गाळा, झिजलेली डाय, दोरा. शेवटी म्हटलं, माल चोरीचा होता, आता काय करायचं ते करा.

फोटोवाला कंपनीचा नव्हता, ह्या रोबोंची माहिती जमवणारा त्यांच्यातलाच एक होता. तो म्हणाला, चोरीचा कसला, डाय परदेशातून रीतसर आली होती, कागद आहेत. जोडणी कुठे व्हायची तेच आम्ही शोधत होतो. मी विचारलं, रीतसर होतं तर आमची तोंडं का बंद केली? तो म्हणाला, गाळा बेकायदा असेल. असेल म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं.

मग त्याने कोरा कागद काढला. हे मीच केलं असं लिहून खाली सही द्या म्हणाला. गिरणी पुन्हा सुरू झाली तेव्हा गेटवर असाच कागद पुढे करायचे, पुन्हा संप करणार नाही म्हणून. त्यावर मी सही केली नव्हती, तर ह्यावर काय करणार?

"सही मिळणार नाही. दोरा आणा."

दोरा कुणाकडे नव्हता. मुलीने आपल्या सुती ओढणीच्या काठातून एक धागा ओढून दिला. मी तो मधून तोडला आणि चष्म्याशिवायच दोन टोकांना गाठ मारायला गेलो. पहिली निसटली. दुसरी बसली. चष्मेवाल्याने भिंग लावून खुंटीवरची जुनी आणि ही नवी, दोन्ही गाठी बराच वेळ पाहिल्या, मग खुंटी शीववाल्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "सॉरी यार." शीववाल्याने ती माझ्यापुढे धरली. मी रोबोचा हात जागेवर दाबून बसवला. तो त्याने वर केला, सोडला. हात वरच राहिला.

आम्ही चालतच लालबागला निघालो. हिंदमाताजवळ मुलगी म्हणाली, "बाबा, लहानपणी हाच रोबो मी तुमच्याकडे मागितला होता. दोन दिवस जेवले नव्हते. तुम्ही म्हणालात, असली वस्तू आपल्या घरात येणार नाही."

"चोरीचा वाटत होता," मी म्हटलं.

"कुणाला विचारलं होतंत?"

कुणालाच विचारलं नव्हतं. तसं मी तिला सांगितलं. ती पुढे चालायला लागली आणि लालबाग येईपर्यंत पुढेच राहिली.